रानडुक्कर, रिव्हॉल्व्हर आणि काडतूस

भात निसवलं आणि दाण्यात दूध भरायला लागलं की पनवेल तालुक्यातल्या डोंगरकडेच्या गावांची झोप उडते. माथेरान आणि प्रबळगडाच्या पायथ्याची धोदाणी, मालडुंगे ही गावं तर रानाला अगदी खेटून आहेत. रात्री डुकरांचा कळप खाचरात शिरतो. खातो थोडं, पण लोळून आणि तुडवून नासतो फार. सकाळी पाहावं तर पीक रोलर फिरवल्यासारखं आडवं आणि बांध ठिकठिकाणी उकरलेला. वरकस जमिनीत सुरण, रताळी लावलेली असली तर ती नांगरल्यासारखी वर आलेली असतात.

या दिवसांत शिवारफेरीला गेलेल्या कृषी खात्याच्या माणसाला तुडतुडा, करपा, युरिया यांबद्दल प्रश्न येणारच. तळोजा भागात हल्ली आणखी एक प्रश्न येतो. इथल्या जमिनी गेल्या, एमआयडीसी आली, सिडको आली, हातात पैसा आला. त्याबरोबर काही घरांत स्वसंरक्षणाच्या रिव्हॉल्व्हरचा परवानाही आला. डोंगराकडची वरकस जमीन मात्र अजून कसली जाते. मग विचारणा होते, "साहेब, रिवाल्वर तर घरान हाय. डुकराला कंची गोली चालंल?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विचारणाऱ्याचं पीक खरोखरच गेलेलं असतं. रिव्हॉल्व्हरपुरतं उत्तर एका शब्दात देता येतं, कोणतीच नाही. पण का नाही, मग कशाने, आणि त्यासाठी कागद कुठले, हे नीट कळलं नाही तर लोक आपापला प्रयोग करतात. तसा प्रयोग अंगाशी आला की एकाच वेळी वनखातं आणि पोलीस दोघेही दारात उभे राहतात.

रिव्हॉल्व्हरची ताकद किती?

आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळणारी रिव्हॉल्व्हर बहुतेक पॉइंट ३२ बोअरची असते. पॉइंट ३८, पॉइंट ४५ आणि ९ मिलिमीटर हे लष्करी बोअर सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाहीत. पॉइंट ३२ ची शिशाची गोळी साधारण सव्वासहा ग्रॅमची असते. तिच्यातली ऊर्जा नळीच्या तोंडाशी मोजली तर दीडशे ज्यूलच्या आसपास भरते. ज्यूल हा शब्द अवघड वाटत असेल तर असं समजावं, की एक किलोचं वजन मीटरभर उंचीवरून सोडलं तर खाली साधारण दहा ज्यूलचा दणका बसतो. म्हणजे या गोळीचा दणका पंधरा किलोचं पोतं मीटरभरावरून पडावं तेवढा. माणसापासून बचाव करायला तो पुरेसा धरला जातो, कारण तिथे अंतर चार हातांचं असतं आणि कातडी पातळ असते.

रानडुकराची गोष्ट वेगळी आहे. पूर्ण वाढीचा नर शंभर किलोच्या पुढे जाऊ शकतो. नर एकमेकांशी सुळ्यांनी झुंजतात, म्हणून त्यांच्या खांद्यावर कातडीखाली कूर्चेसारखा चिवट थर तयार झालेला असतो. जणू निसर्गाने दिलेली ढालच. त्यावर दाट राठ केस आणि लोळून लोळून चिखलाचा वाळलेला लेप. काळीज आणि फुफ्फुसं बरीच खाली, पुढच्या दोन पायांच्या मध्ये आणि खांद्याच्या आडोशाला असतात. पॉइंट ३२ ची गोळी बहुधा ही ढाल आणि चरबी यांतच अडकते. जनावर पडत नाही, पळतं. मग ते ओढ्याच्या जाळीत बसून दोन-चार दिवस कुजत मरतं, किंवा सकाळी फाटी आणायला गेलेल्या बाईच्या अंगावर येतं.

शिवाय नळी साधारण तीन इंचांची. दिवसा, शांत उभं राहूनही पंधरा-वीस पावलांपलीकडे अशा हत्याराचा नेम सरावाच्या माणसालाच राखता येतो. इथे तर रात्र असते, पायाखाली चिखल असतो आणि डुक्कर धावत असतं.

परदेशात रिव्हॉल्व्हरने शिकार करतात ना?

हा प्रश्नही हमखास येतो, विशेषतः सिनेमे पाहणाऱ्या तरुण मंडळींकडून. होय, अमेरिकेत काही राज्यांत हातातल्या हत्याराने हरीण, डुक्कर मारायला कायद्याने मुभा आहे. मात्र ती हत्यारं वेगळी. तिथल्या बाजारात १९३५ साली पॉइंट ३५७ मॅग्नम आणि १९५० च्या दशकाच्या मध्यावर पॉइंट ४४ मॅग्नम हे बोअर आले. पॉइंट ४४ मॅग्नमची गोळी साधारण साडेपंधरा ग्रॅमची आणि तिची ऊर्जा बाराशे ज्यूलच्या घरात, म्हणजे आपल्या पॉइंट ३२ च्या सात-आठ पट. एवढं असूनही तिथले जाणते शिकारी ती जवळच्या अंतरावरच वापरतात, आणि गोळी निवडताना फार काटेकोर असतात.

ही निवड समजून घेण्यासारखी आहे, कारण तोच नियम पुढे बंदुकीच्या काडतुसालाही लागतो. गोळीचे ढोबळ दोन प्रकार. एक, मऊ किंवा पोकळ टोकाची. ती अंगात शिरल्यावर अळंबीच्या छत्रीसारखी उघडते, जखम रुंद करते आणि जनावर लवकर पडतं. या जातीची गोळी जगाला माहीत झाली ती आपल्याच देशातून. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात ब्रिटिशांनी ती बनवली, म्हणून तिचं नाव डमडम गोळी. १८९९ च्या हेग परिषदेत लढाईत अशी गोळी वापरायला मनाई करणारा जाहीरनामा झाला. शिकारीत मात्र ती राहिली, कारण जनावर तडफडत न ठेवता लवकर मारणं हे तिथे बरं मानलं गेलं.

दुसरी, घट्ट शिशाची किंवा न उघडणारी गोळी. ती कमी फुलते, पण खोल जाते. बंदुकीच्या किंवा रायफलच्या वेगाला उघडणारी गोळी कामाची ठरते, कारण उघडल्यावरही तिच्यात आत जायला जोर उरतो. रिव्हॉल्व्हरचा वेग कमी. पोकळ टोक केस-चिखलाने बुजलं तर ते उघडतच नाही, आणि लवकर उघडलं तर गोळी ढालीतच थांबते. म्हणून जाड कातडीच्या जनावरासाठी तिथले लोक वजनदार, घट्ट शिशाची, सपाट तोंडाची गोळी निवडतात. आपल्या पॉइंट ३२ मध्ये गोळी बदलली तरी मुळात मागे लावायचा जोरच नाही. पाण्याची टाकी रिकामी असली तर कुठलाही नोझल लावला तरी फवारा पडत नाही, तसंच हे.

हिंदुस्थानात मोठ्या जनावरापुढे पिस्तूल वापरल्याचं जुनं उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकात साहेब लोक हत्तीच्या हौद्यातून वाघाची शिकार करत. तेव्हा जवळ एक जाड बोअरचं, आखूड दोन नळ्यांचं पिस्तूल ठेवत. त्याला नावच हौद्याचं पिस्तूल पडलं होतं. पण ते शिकारीसाठी नव्हतं. शिकार रायफलने व्हायची. जखमी वाघ हत्तीच्या अंगावर चढला, हौद्यापर्यंत पोचला, तर हातभर अंतरावरून जीव वाचवायला ते बाहेर निघायचं. आजही रिव्हॉल्व्हरची जागा तेवढीच आहे. वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमात स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने वन्य प्राणी मारला वा जखमी केला तर तो गुन्हा धरत नाहीत. पण तुम्ही स्वतःच त्या वेळी बेकायदा काही करत असाल, उदाहरणार्थ विनापरवाना पारधीला गेला असाल, तर हे संरक्षण मिळत नाही. आणि प्राणी तुमचा होत नाही, तो सरकारचा होतो.

कायद्याने हत्याराबद्दल काय म्हटलं होतं?

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला तेव्हा शिकार पूर्ण बंद नव्हती, परवान्यावर चालत होती. त्या वेळच्या १७ व्या कलमात शिकारीच्या रीतीभाती दिल्या होत्या. मोठी जनावरं रायफलनेच मारायची, आणि परवान्यात खास मुभा असेल तरच एकगोळी काडतूस घालून गुळगुळीत नळीच्या बंदुकीने. वाहनातून मारायचं नाही, विष, सापळा, स्फोटक नाही, रात्री नाही, दिव्याच्या झोतात नाही. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरला त्यात वावच नव्हता. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच संपली आणि ते कलमही गेलं. पण कायदा करणाऱ्यांना मोठ्या जनावरासाठी कोणतं हत्यार योग्य वाटत होतं, हे त्यातून दिसतं. छर्र्याने किंवा आखूड नळीने जनावर जखमी करून सोडू नये, हा त्यामागचा हिशेब.

१९५९ च्या शस्त्र कायद्यातही शेतकऱ्याचा विचार आहे. १३ व्या कलमात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असं म्हटलं आहे. ठासणीची पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर किमान २० इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. कोकणात ज्याला आपण शेतीसंरक्षक बंदूक म्हणतो ती हीच. रिव्हॉल्व्हरचा परवाना दिला जातो तो जिवाच्या धोक्यासाठी. ती घेऊन खाचरावर बसणं म्हणजे परवान्याच्या हेतूबाहेर जाणं, आणि परवान्याच्या अटी मोडणं हा ३० व्या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे. डुक्कर मेलं तर वन्यजीव कायद्याखालचा गुन्हा आणखी वेगळा. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर एक लाखापर्यंत दंड. कर्नाळा अभयारण्याच्या हद्दीत हाच प्रकार घडला तर शिक्षा तीन वर्षांपासून सुरू होते.

मग काडतूस कोणतं?

आता ज्यांच्याकडे बारा बोअरची बंदूक आहे आणि ज्यांना रीतसर परवानगी मिळू शकते, त्यांच्यासाठी. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसते ती बारा बोअर. नळीचं माप साधारण साडेअठरा मिलिमीटर. काडतुसं आपल्याच पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची, शक्तिमान छापाची, अनेकांनी पाहिली असतील. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, त्यानंतर खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे आहे.

चार नंबर, सहा नंबर ही बारीक छर्र्याची काडतुसं पक्ष्यांसाठी. ती डुकरावर झाडणं म्हणजे त्याला फक्त चिडवणं. काही जण आवाजाने कळप पळावा म्हणून मुद्दाम बारीक छर्रा मारतात. दहा दाणे कातडीत घुसतात, त्यात पू होतो, आणि ते जनावर पुढे नेहमीपेक्षा जास्त वाईट वागतं. आवाजच करायचा असेल तर डबा वाजवा, फटाका लावा.

एल.जी.च्या काडतुसात साधारण सहा मोठे दाणे असतात, एस.जी.त आठ-नऊ. कोकणात डुकरासाठी एल.जी. हाच बहुतेकांचा पसंतीचा माल. वीस-पंचवीस मीटरपर्यंत तो चालतो. त्यापुढे दाणे फाकतात, दोन-तीनच लागतात आणि बाकीचे पुढे जातात. पुढे म्हणजे कुठे, ते रात्री दिसत नाही. शेजारच्या खाचरात राखणीला बसलेला माणूस तिथेच असू शकतो.

एकगोळी काडतूस, ज्याला जुने लोक बॉल म्हणतात, त्यात सुमारे २८ ग्रॅमची एकच गोळी असते. तिची ऊर्जा नळीच्या तोंडाशी दोन हजार ज्यूलच्या वर. मघाच्या हिशेबाने बोलायचं तर पंधरा किलोच्या जागी भाताची चार भरलेली पोती. ढाल फोडून आत जाण्याइतकी ती नक्कीच आहे, आणि चाळीस-पन्नास मीटरपर्यंत भरवशाची. माझ्या मते परवानगीच्या कामाला हेच काडतूस योग्य. फक्त दोन गोष्टी आधी पाहाव्यात. तुमच्या नळीला तोंडाशी किती आवळ, म्हणजे चोक आहे, ते बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून तपासून घ्यावं. फार आवळ नळीतून भरीव गोळी मारली तर नळीला इजा होते. आणि काडतुसं जुनी असतील तर ती वापरूच नयेत. कोकणच्या दमट हवेत कपाटात दहा वर्षं पडलेलं काडतूस फुसकं निघतं, आणि फुसकं काडतूस म्हणजे पुन्हा जखमी डुक्कर.

काहींकडे पॉइंट ३१५ ची रायफल असते. ताकदीला ती एकगोळी काडतुसाहून जास्तच. रानात, डोंगराच्या पोटाकडे तोंड करून ती उत्तम. पण तिची गोळी चुकली तर दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. तळोज्यात २०२३ पासून पेंधरपर्यंत मेट्रो धावते, फेज एक आणि दोनच्या इमारती शिवाराला येऊन भिडल्या आहेत, कारखान्यांत रात्रपाळी चालू असते. अशा ठिकाणी रायफल काढणं म्हणजे डुकरासाठी माणूस पणाला लावणं. एकगोळी काडतुसाचीसुद्धा चुकलेली गोळी दगडावरून उसळते आणि शेकडो मीटर जाते. म्हणून नेम नेहमी वरून खाली, मागे मातीचा बांध किंवा चढ असेल तेव्हाच. मचाणाचा खरा उपयोग हाच आहे, नुसतं जनावर दिसावं एवढ्यापुरता नाही. कोकणात पारधीच्या वेळी डुक्कर समजून सोबत्यालाच गोळी लागल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यातल्या बहुतेक वेळी झुडूप हललं आणि घोडा ओढला, एवढंच घडलेलं असतं.

ठासणीच्या बंदुकीबद्दल थोडक्यात. दारू अंदाजाने भरायची आणि खिळे, सायकलच्या छऱ्या, लोखंडाचे तुकडे ठासायचे, हा प्रकार थांबवावा. नळी फुटली तर बोटं जातात. गावठी कट्टा आणि खाण्यात घालून ठेवायचा डुक्करबॉम्ब यांविषयी तर बोलायलाच नको. असा बॉम्ब गाईने चावला तर तिचा जबडा उडतो, आणि बॉम्ब ठेवणारा बहुधा त्याच गावचा असतो. खाचराभोवती थेट विजेची तार सोडणंही त्यातलंच. झटका यंत्र वेगळं आणि महावितरणची चालू तार वेगळी, हे कितीदा सांगितलं तरी दर वर्षी कुठे ना कुठे माणूस चिकटून मरतोच.

परवानगीची दोन दारं

वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमानुसार उभ्या पिकाला धोका झालेला प्राणी, तो दुसऱ्या अनुसूचीतला असेल तर, मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशाने, कारण नमूद करून, ठरावीक क्षेत्रापुरता मारण्याची परवानगी देऊ शकतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही म्हणजे नीलगाय याच अनुसूचीत आहेत. आपल्या राज्याने शासन निर्णय काढून हे अधिकार खाली वनक्षेत्रपालांपर्यंत आणले. म्हणजे तळोज्याच्या शेतकऱ्याने अर्ज करायचा तो पनवेलच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात.

हे झालं एक दार. दुसरं दार बंदुकीचं. रायगड जिल्ह्यात शस्त्र परवाना जिल्हाधिकारी देतात, तिथे अलिबागला जावं लागतं. पण तळोजा आणि पनवेल तालुक्याचा बहुतेक भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात मोडतो, तिथे परवाना देणारे अधिकारी पोलीस आयुक्त. एकाच डोंगराच्या दोन उतारांवरच्या दोन शेतकऱ्यांना दोन वेगळ्या कार्यालयांत जावं लागतं. शहरी आयुक्तालयापुढे येणारे अर्ज मुख्यतः बिल्डर, सराफ, सुरक्षारक्षक यांचे. त्यात कुणी सुरण आणि भातासाठी बंदूक मागितली तर तो अर्ज वेगळाच दिसणार.

खरी अडचण इथे आहे. वनखात्याची परवानगी शेतकऱ्याच्या नावाने निघते, पण बंदूक त्याच्याकडे नसते. बंदूक असते गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याकडे किंवा दुसऱ्या गावच्या माणसाकडे. त्याला बोलवायचं तर त्याचं नाव आदेशात हवं. एका शेतकऱ्याचा अर्ज एका कार्यालयात टेबलावरून टेबलावर फिरत राहिला, आणि उत्तर आलं तेव्हा त्याचं भात झोडून कणगीत गेलं होतं. जे काही शिल्लक राहिलं होतं ते.

त्यातच निवडणुका. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करून घेतात. २०२४ ची विधानसभा निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली, मतदान २० नोव्हेंबरला. कोकणात हळवं भात कापून संपतं आणि गरवं पिकून उभं असतं, ते दिवस नेमके हेच. नियम तसा सरसकट जमा करण्याचा नाही. कोणाची हत्यारं घ्यायची ते छाननी समितीने प्रत्येकाचं पाहून ठरवायचं असतं. पण शेतकरी आपण होऊन अर्ज करत नाही आणि ठाण्यालाही सगळ्यांची घेणं सोपं पडतं.

इतर राज्यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. बिहारसाठी डिसेंबर २०१५ मध्ये आणि उत्तराखंडसाठी फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्राने ६२ व्या कलमाखाली उपद्रवी प्राण्याची अधिसूचना काढली. बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर, तेही ठरावीक मुदतीपुरतं. २०१६ च्या जूनमध्ये बिहारच्या मोकामा भागात बाहेरचे नेमबाज आणून नीलगाई मारल्या गेल्या, तेव्हा मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर या एकाच मंत्रिमंडळातल्या दोन मंत्र्यांमध्ये उघड वाद झाला. त्या वादात आपल्या चंद्रपूरचं नावही आलं. माझ्या मते उपद्रवी ठरवून सगळ्यांना मोकळं सोडणं आपल्या भागाला झेपणारं नाही. बंदूक हातात असलेला प्रत्येक जण शेतकरी नसतो, आणि डोंगराच्या पलीकडे मटणाचं गिऱ्हाईक तयारच असतं.

केरळने वेगळी वाट धरली. तिथे मे २०२२ मध्ये सरकारने ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांना आणि नगरपालिका प्रमुखांना मानद वन्यजीव रक्षकाचे अधिकार देऊन, शेतीचं नुकसान करणारं रानडुक्कर मारण्याची परवानगी देण्याची सोय केली. गोळी घालायची ती परवानाधारक, यादीत नोंद असलेल्या नेमबाजानेच. विष, स्फोटक, विजेचा धक्का यांना मनाई कायम. तिथेही सगळं सुरळीत आहे असं नाही, नेमबाज कमी पडतात, खर्चाची भांडणं होतात. पण परवानगी आणि बंदूक यांची गाठ गावातच पडते, ही गोष्ट मोठी.

आपल्याकडे कायदा न बदलताही यातलं बरंच करता येईल. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पेरणीच्या दिवसांतच, जूनमध्ये, गावातल्या आणि शेजारच्या गावांतल्या बारा बोअरच्या परवानाधारकांची यादी करावी. ज्यांची तयारी आहे, डोळे आणि हात धड आहेत, परवाना चालू आहे, त्यांची नावं ठरावासह वनपरिक्षेत्र कार्यालयाला आणि पोलीस ठाण्याला कळवावीत. ऑक्टोबरात अर्ज गेला की आदेशात कोणाचं नाव घालायचं हा शोध उरणार नाही. निवडणूक आली तर याच यादीवर बोट ठेवून छाननी समितीकडे सवलत मागता येईल. वनखात्याने या मंडळींना एका दिवसाचा वर्ग घेऊन कोणतं काडतूस, किती अंतर, कुठल्या दिशेला, जखमी जनावराचा माग कसा काढायचा, एवढं सांगितलं तर फार पैसा लागणार नाही. तळोजे पाचनंदसारखी गावं २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहेत, तिथे ग्रामपंचायत नाही आणि वस्तीही दाट. तिथे गोळीची परवानगी मागूच नये, कुंपण आणि वनखात्याकडून पकडणं हाच मार्ग धरावा.

बंदूक हा कितीही झालं तरी अपुरा उपाय आहे, हेही लक्षात असू द्यावं. डुकरी एका वेताला चार-सहा पिलं देते. एखादा नर पडला तर कळप दोन-चार रात्री बिचकतो, मग पुन्हा येतो. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणाला अनुदान आहे. दोन-चार शेतकऱ्यांनी मिळून सलग कुंपण केलं आणि तारेखालचं गवत दर आठवड्याला कापलं तरच ते चालतं. गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो.

गोळी लागली आणि डुक्कर पडलं, तर त्याला हात लावू नये. ते सरकारची मालमत्ता आहे. वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा, विल्हेवाट वनखातं लावील. रिकामी पुंगळी खिशात ठेवावी, हिशेब द्यावा लागतो. जनावर जखमी होऊन पळालं तर तेही लपवू नये. अंधारात त्याच्या मागे जाऊ नये, पण उजाडल्यावर वनखात्याच्या माणसांसह माग काढावा आणि गावात दवंडी द्यावी.

गोळी घाला किंवा न घाला, नुकसानभरपाईचा अर्ज मात्र सोडू नये. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत अर्ज द्यावा लागतो, आणि पाहणीला वनखात्याबरोबर कृषी सहायक आणि तलाठी लागतात. ही पदं आता सहायक कृषी अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी या नावांनी ओळखली जातात, माणसं तीच आहेत. पाहणी होईपर्यंत आडवं पडलेलं भात उचलू नये. पायांचे ठसे, उकरलेला बांध, लोळलेली जागा यांचे फोटो तारीख-वेळेसह काढून ठेवावेत. पीकविम्यातही २०२६ च्या खरिपापासून वन्य प्राण्यांनी केलेलं नुकसान स्थानिक जोखमीत घेण्याचं केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे हे राज्याने अधिसूचित करायचं, आणि शेतकऱ्याने ७२ तासांत मोबाईल ॲपवर फोटोसह कळवायचं अशी त्याची रचना आहे. विमा भरण्याआधी रायगड आणि रानडुक्कर ही दोन्ही नावं यादीत आहेत की नाहीत, ते आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे विचारून घ्यावं.